थिबा राजवाडा : एका बंदिवासाची वास्तू



रत्नागिरीकरांपुढे थिबा राजवाड्यावर बोलावयाचे म्हणजे आंब्याच्या बागाईतदाराला हापूसची चव समजावून सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने तो लहानपणापासून पाहिलेला आहे. घरी पाहुणा आला की आपण त्याला सकाळी पावसला नेतो, दुपारी रत्नदुर्गावर नेतो आणि उन्हे उतरू लागली की राजवाड्याकडे वळवतो. ‘हा ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा’ एवढे एक वाक्य आपण त्याला सांगतो. पाहुणा लाल भिंतींकडे पाहतो, मागे वळून भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र पाहतो आणि सूर्यास्ताची वाहवा करीत परततो. आपले वाक्यही तिथेच संपते.

माझे म्हणणे असे की, या एका वाक्यात वास्तूचा सारा इतिहास झाकला जातो. ‘राजवाडा’ हा शब्द आपण ज्या अर्थाने शनिवारवाड्याला किंवा साताऱ्याच्या वाड्यांना लावतो, त्या अर्थाने तो येथे लागू पडत नाही. राजवाडा म्हणजे जेथून राज्य चालते ते घर. या घरातून सुटलेला कोणताही हुकूम फाटकापलीकडे चालला नाही. हे घर थिबाने आपल्या वैभवाच्या काळात बांधलेले नाही. त्याचे राज्य ज्यांनी घेतले, त्या सरकारने आपल्या कैद्यासाठी ते बांधले. डोळ्यांना ते राजवाड्यासारखे दिसते, पण त्याचा हेतू बंदिशाळेचा आहे. या दोन गोष्टी एकाच दगडात कशा बसल्या, हे समजून घेतल्याखेरीज त्याच्या भिंती, खिडक्या आणि लाकूड आपल्याशी बोलणार नाहीत. म्हणून आज त्या वास्तूचे वर्णन आणि तिचा इतिहास हे दोन्ही मी एकत्र मांडणार आहे.

प्रथम माणसाची ओळख. थिबाचा जन्म १८५९ सालचा. मंडाले शहर वसविणाऱ्या मिंडॉन राजाच्या अनेक पुत्रांपैकी तो एक. त्याची उमेदीची वर्षे मठात बौद्ध ग्रंथांच्या अध्ययनात गेली होती. १८७८ साली मिंडॉन वारला आणि दरबारातील कारस्थानांतून हा जेमतेम वीस वर्षांचा तरुण गादीवर आला. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा सत्तर-ऐंशी आप्तांची मंडालेत कत्तल झाली. तिच्यात स्त्रिया होत्या, मुलेही होती. हा हुकूम राजाचा किती, राणी सुपयालतचा किती आणि तिच्या आईचा किती, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. पण राजा तो होता, आणि ती जबाबदारी त्याच्यावरून पुसता येणार नाही. हे आरंभीच सांगतो, कारण परक्यांनी ज्याच्यावर अन्याय केला तो माणूस आपोआप संत ठरतो, असा एक भाबडेपणा आपल्यात असतो. थिबा संत नव्हता. पण त्याचे राज्य गेले ते या कत्तलीमुळे नव्हे.

राज्य गेले ते मुख्यतः सागवानामुळे. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या इंग्रज कंपनीकडे वरच्या ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांचे ठेके होते. कंपनीने तोडलेल्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजाचा महसूल बुडविला, असा ठपका मंडालेच्या मंत्रिमंडळाने १८८५ साली ठेवला आणि सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. याच वर्षी राजा फ्रेंचांशीही मैत्रीचे बोलणे करीत होता, आणि इंग्रजांना ते सलत होते. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला. नोव्हेंबरात जनरल प्रेंडरगास्टच्या हाताखालील फौज इरावती नदीतून आगबोटींनी वर चढली आणि २८ नोव्हेंबर रोजी मंडालेस पोहोचली. लढाई अशी फारशी झालीच नाही. दुसऱ्या दिवशी राजाला आणि राण्यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेण्यात आले. ज्या प्रजेने राजाचे तोंड क्वचितच पाहिले होते, तिने ते पहिल्यांदा आणि शेवटचे त्या संध्याकाळी पाहिले. १ जानेवारी १८८६ रोजी ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यात विलीन झाल्याचा जाहीरनामा निघाला.

मंडालेहून रंगून, रंगूनहून मद्रास आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, असा त्या राजकुटुंबाचा प्रवास झाला. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बरोबर थोरली राणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले आणि लहान मुली. चार राजकन्यांपैकी थोरल्या दोघी मंडालेत जन्मल्या, तिसरी मद्रासला आणि चौथी आपल्या रत्नागिरीत. चौघींच्या जन्मस्थळांवरूनच वनवासाचा नकाशा काढता येतो.

पदच्युत राजाला त्याच्या भूमीपासून दूर नेऊन ठेवणे ही इंग्रजांची जुनी रीत. आपल्या दुसऱ्या बाजीरावाला १८१८ नंतर ब्रह्मावर्तास धाडले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली काशीस नेले. अयोध्येच्या वाजिद अली शाहाला १८५६ मध्ये कलकत्त्याजवळ आणून बसविले. मल्हारराव गायकवाडांना १८७५ साली मद्रासला ठेवले. सिंहलद्वीपातील कँडीचा शेवटचा राजा तर त्याच्याही पूर्वी वेलोरच्या किल्ल्यात आणला गेला होता. आणि दिल्लीचा शेवटचा बादशाह बहादुरशाह जफर १८५८ साली कोठे गेला? रंगूनला. तेथे एका लहानशा लाकडी घरात चार वर्षे काढून तो १८६२ साली वारला. हिंदुस्थानच्या बादशाहाला ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशच्या राजाला हिंदुस्थानात, अशी ही अदलाबदल आहे. ज्या मातीत राजाला कोणी ओळखत नाही, जेथील भाषा त्याला येत नाही, तेथे त्याला ठेवले की भिंती फार उंच बांधाव्या लागत नाहीत.

मग रत्नागिरीच का? मद्राससारख्या मोठ्या बंदरात ब्रह्मदेशाशी जाणे-येणे सोपे होते. सरकारला आडबाजूचे, पण आपल्या हाताखालचे ठिकाण पाहिजे होते. रत्नागिरी जिल्ह्याचे ठाणे होते, म्हणून कलेक्टर होता, पोलीस होते, सिव्हिल सर्जन होता. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सह्याद्री. आगगाडी नाही. कोकण रेल्वे पूर्ण होऊन रत्नागिरीतून मुंबई ते मंगळूर गाड्या जाऊ लागल्या त्या १९९८ साली, यावरून तेव्हाची स्थिती ध्यानात यावी. बोटी येत, त्याही पावसाळ्याचे चार महिने बंद. कोकणची जी गैरसोय आपल्या पूर्वजांनी नशिबाचा भोग म्हणून सोसली, तीच सरकारच्या दृष्टीने पहाऱ्याची सोय होती. पुढे चाळीस वर्षांनी, १९२४ मध्ये, स्वातंत्र्यवीर सावरकरांना जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर येथेच आणून ठेवले. त्या वेळीही हाच हिशेब असावा, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावयाची आहे, कारण तिचा आपल्याला नेहमी विसर पडतो. थिबा रत्नागिरीत आला १८८६ मध्ये, आणि राजवाडा तयार झाला १९१० मध्ये. मधली चोवीस वर्षे तो या राजवाड्यात नव्हताच. औट्रम आणि बेकर या साहेबांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन बंगल्यांत राजकुटुंबाने ती काढली. राजकन्या तेथे वाढल्या, मराठी शिकल्या, वयात आल्या. राजाने बरोबर आणलेले जडजवाहीर हळूहळू विकले गेले ते याच काळात. बंगले साहेबांच्या राहणीचे, आणि त्यांत राहावयाचे दोन राण्या, चार मुली आणि नोकरचाकर असलेल्या कुटुंबाला. अडचणीच्या तक्रारी होत राहिल्या, अर्ज जात राहिले. सरकारदरबारी पत्रव्यवहार किती सावकाश चालतो, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. अखेर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधकाम हाती घेतले गेले. राजा नव्या घरात गेला तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. त्यानंतर तो सहा वर्षे जगला. म्हणजे तीस वर्षांच्या बंदिवासातील चोवीस वर्षांच्या खुणा आपल्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि सहा वर्षांची खूण मात्र टेकडीवर उभी आहे. इतिहासात असे पुष्कळ वेळा होते. जे भक्कम बांधलेले असते ते टिकते आणि मग तेच सारे काही होते, असा आपला समज होऊन बसतो.

आता वास्तूकडे वळू.

राजवाडा तीन मजली आहे. बांधकाम आपल्या जांभ्याचे आणि तांबड्या विटांचे. जांभ्याविषयी रत्नागिरीकरांना सांगावयाचे ते इतकेच की, फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश संशोधकाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून शास्त्रीय नाव दिले. नाव यथार्थ आहे. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो, विटेसारखा हव्या त्या मापाचा चिरा त्यातून कापता येतो, आणि वारा-ऊन लागले की तो घट्ट होतो. आपली घरे, देवळे, गडगे, विहिरी सारे याच चिऱ्यांचे. तेव्हा ब्रह्मदेशच्या राजासाठी बांधलेल्या घराचा देह अस्सल कोकणी आहे.

पण त्याची ठेवण कोकणी नाही. आपले जुने घर डोळ्यांसमोर आणा. उदाहरण लांब शोधावयास नको. लोकमान्यांचा जन्म जेथे झाला, ते टिळक आळीतील घर राजवाड्यापासून फार दूर नाही. कोकणी घर उंच चढत नाही, ते मोठ्या उतरत्या छपराखाली दबून बसते. वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस ज्याच्या डोक्यावर पडतो, त्याला तसे बसावेच लागते. पुढे अंगण, मग पायऱ्या, मग पडवी आणि ओटी, आत माजघर आणि स्वयंपाकघर. या रचनेचा प्राण ओटीत आहे. ओटी म्हणजे घराचा तो भाग, जो घरातला असून गावाचाही असतो. वाटेने जाणारा तेथे येऊन टेकतो, गूळपाणी घेतो, भाऊबंदकीच्या तक्रारी सांगतो, पंचांग पाहून जातो. घर आणि गाव यांची भेट ओटीवर होते.

राजवाड्यात उतरती छपरे आहेत, कारण पावसापुढे सरकारचेही काही चालत नाही. पण त्या छपरांखाली जे आहे ते साहेबी बंगल्याच्या कुळातले आहे. उंच जोते, दोन्ही अंगांचा तोल सांभाळणारी दर्शनी बाजू, मजल्यावर मजला, हवेशीर दालने, आणि ज्यांच्याकडे पाहुण्याचे लक्ष प्रथम जाते त्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. त्यांच्यावरील कोरीव काम नाजूक आहे. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचे मोठे दालन आहे. नाचगाण्याचे आणि समारंभाचे दालन म्हणून ते दाखविले जाते. वाड्याच्या मागील अंगाला राजाच्या उपासनेतील म्हणून सांगितली जाणारी बुद्धमूर्ती आहे. आणि गच्चीवरून भाट्याची खाडी, काजळी नदी आणि समुद्र असा विस्तीर्ण देखावा दिसतो. राजा दुर्बीण घेऊन बंदरात येणारी-जाणारी गलबते पाहत बसे, अशी आख्यायिका आपण ऐकतो.

या सगळ्यांत ओटी मात्र नाही. दर्शनी भागी येणाऱ्या-जाणाऱ्याची सोय आहे, पण ती परवानगी घेऊन येणाऱ्या माणसासाठी. राजावर देखरेख करण्यास सरकारी अधिकारी नेमलेला होता. कोण भेटावयास आले, काय पत्र आले, यावर त्याची नजर असे. कुंपणाबाहेर जावयाचे तर राजालाच विचारावे लागे. म्हणून मी म्हणतो की, घराचा हेतू ओळखावयाचा तर त्याच्या शोभेकडे पाहू नये, पाहुणा आत कसा येतो ते पाहावे. दृष्टी क्षितिजापर्यंत मोकळी आणि पाऊल फाटकापर्यंतच मोकळे, अशी ही रचना आहे.

हे घर राजाच्या सवयीचे होते का, हेही पाहू. त्याचा मंडालेचा राजवाडा कसा होता? मिंडॉनने १८५७ साली मंडालेची स्थापना केली आणि जुन्या अमरपूरच्या राजवाड्याची लाकडी दालने उतरवून नव्या जागी पुन्हा उभी केली. भोवती चौरस तट, प्रत्येक बाजू सव्वा मैलाची, बारा दरवाजे, बाहेर रुंद खंदक. आत मधोमध उंच चौथऱ्यावर सागाची दालने, सोन्याच्या मुलाम्याने झळकणारी. राहण्याची ही सारी दालने एकमजली. ब्रह्मी दरबारच्या समजुतीप्रमाणे राजाच्या मस्तकावर दुसऱ्याचे पाऊल असणे हा त्याचा अवमान. म्हणून तेथे मोठेपण मजल्यांनी मोजले जात नसे, छपरांनी मोजले जाई. एकावर एक निमुळती होत जाणारी छपरे जितकी अधिक, तितका त्या दालनाचा मान मोठा. सिंहासनाच्या दालनावर सात छपरांचे शिखर होते.

आता याच्या शेजारी आपला राजवाडा ठेवा. ज्या राजाच्या देशात मजला चढवून मान वाढत नाही, त्याला तीन मजली घर दिले. ज्याचा मान छपरांच्या संख्येत, त्याला पावसाच्या सोयीची छपरे दिली. घर बांधणाऱ्यांनी कंजुषी केली, असे मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी राजाला शोभेलसे घर दिले. जिल्ह्याच्या गावात असे दुसरे घर तेव्हा नसावे. पण ते शोभले साहेबाच्या मापाने. हरलेल्या माणसाला मान देतानासुद्धा जिंकणारा आपलेच माप वापरतो, हे या वास्तूत दगडामातीत उतरलेले दिसते.

आणि लाकूड? राजवाड्यासाठी ब्रह्मी साग वापरला असे परंपरेने सांगितले जाते. त्यात आश्चर्य नाही. मोलमीनचा साग मुंबई इलाख्यात तेव्हा चांगल्या बांधकामाची खूणगाठ होता. मुंबईच्या कितीएक चाळी आणि माड्या त्याच्यावर उभ्या आहेत. पण या घरात तो आला म्हणजे काय झाले, याचा विचार करा. ज्या सागाच्या ओंडक्यांवरून भांडण पेटले, ज्या सागाच्या दालनांतून राजाला बाहेर काढले, तोच साग समुद्र ओलांडून त्याच्या मागोमाग आला आणि त्याच्या बंदिवासाच्या खिडक्या-दारांना लागला. जंगल त्याचे, व्यापार दुसऱ्याचा. साम्राज्य म्हणजे काय, हे शाळेतील मुलाला सांगावयाचे असेल, तर मी पुस्तक उघडणार नाही. मी त्याला या खिडकीपाशी उभे करीन.

१९१० हे साल आणखी एका कारणासाठी आपण लक्षात ठेवावे. १८५६ च्या जुलैत या गावात जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन कोठे गेले? मंडालेस. तेथील जुन्या राजवाड्याच्या परिसराला इंग्रजांनी आपल्या व्हाइसरॉयचे नाव देऊन फोर्ट डफरिन केले होते. थिबाच्या त्याच तटाच्या आत तुरुंग होता. त्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. त्याच सुमारास मंडालेचा राजा रत्नागिरीत नव्या घराच्या पायऱ्या चढत होता. रत्नागिरीचा पुत्र मंडालेच्या तटात आणि मंडालेचा धनी रत्नागिरीच्या टेकडीवर! हा योगायोग सांगून लोक टाळ्या घेतात. मला त्यापुढचे एक सांगावयाचे आहे. दोघे सारखे नव्हते. एक राज्य गमावलेला होता, दुसरा राज्य मिळविण्यासाठी झगडणारा. एकाची सुटका ठरलेली होती, आणि १९१४ मध्ये तो परत येऊन कामाला लागला. दुसऱ्याच्या शिक्षेला मुदतच नव्हती, कारण त्याच्यावर खटलाच कधी चालला नव्हता. कायद्याच्या चौकटीतला कैदी सुटतो आणि सोयीसाठी धरलेला कैदी सुटत नाही. या दोन बंदिवासांची तुलना करावयाची, तर ती येथे करावी.

नव्या घरात सुख नांदले असे नाही. १९१२ मध्ये धाकटी राणी सुपयागले वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा स्वतः वारला. तेव्हा महायुद्ध चालू होते. राजाचा देह मायदेशी नेण्यास सरकार राजी नव्हते. मेलेला राजाही ब्रह्मदेशात जमाव गोळा करू शकतो, ही धास्ती होती. देह पेटीत ठेवून राणी परवानगीची वाट पाहत राहिली. अखेर १९१९ साली सरकारने येथेच दफन केले. शिवाजीनगर भागातील ती समाधी आपल्याला माहीत आहे. त्याच वर्षी राणीला मुलींसह रंगूनला परतण्याची मुभा मिळाली, मंडालेस जाण्याची नव्हे. १९२५ मध्ये ती तेथे वारली. तिची समाधी रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसरात आहे, आणि बहादुरशाह जफरची कबरही तेथून लांब नाही. बादशाह तेथे, राजा येथे. अदलाबदल मृत्यूनंतरही तशीच राहिली. मंडालेचा लाकडी राजवाडा १९४५ च्या मार्चमध्ये दुसऱ्या महायुद्धात जळून गेला. आज तेथे दिसतो तो १९९० च्या दशकात उभारलेला नवा. म्हणजे राजाचे हक्काचे घर नष्ट झाले आणि बंदिवासाचे घर तेवढे मूळ रूपात उरले.

या कथेतील एक धागा मात्र राजवाड्यात नाही, तो आपल्या गावात आहे. थोरली राजकन्या बंगल्यातील बंदिवासात वाढली. ब्रह्मी रीतीप्रमाणे तिच्या योग्यतेचा वर राजघराण्यातीलच हवा होता, आणि तो या टेकड्यांवर कोठून मिळणार? राजघराण्याच्या चाकरीतील एका मराठी माणसावर तिचे मन बसले. १९०६ च्या सुमारास तिला मुलगी झाली. तिला टुटू म्हणत. १९१९ मध्ये ब्रह्मदेशात गेलेली ही राजकन्या पुढे रत्नागिरीला परत आली आणि १९४७ साली येथेच वारली. टुटू या गावातच राहिली. तिने मराठी संसार केला, मराठीतच सुखदुःख सांगितले, गरिबीत मुलेबाळे वाढविली, आणि २००० साली ती गेली. जिच्या आजोबांच्या मंडालेतील सिंहासनावर सात छपरे होती, तिचे आयुष्य आपल्या कौलांखाली गेले.

या कुटुंबाची हकीकत कोणी प्रेमकथा म्हणून रंगवितो, कोणी नशिबाचा खेळ म्हणून उसासा टाकतो. मला वाटते, दोन्हींत आपण आपली सुटका करून घेतो. राजवाड्याचे दालन जपणे सोपे असते. ज्या माणसांसाठी ते बांधले त्यांचे वंशज शेजारी राहत असताना त्यांची दखल घेणे अवघड असते. त्यात गावाची परीक्षा असते. तीत आपण किती उतरलो, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीस येऊन थिबाच्या समाधीला वंदन केले. २०१६ मध्ये मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा राजाचे वंशज येथे जमले. सुधा शहा यांच्या इंग्रजी ग्रंथाने आणि अमिताव घोष यांच्या कादंबरीने आपल्या गावाचे नाव जगभर नेले. जगाला या घराची आठवण झाली आहे. ज्यांच्या दाराशी ते उभे आहे त्यांना ती कशी ठेवावयाची, एवढाच प्रश्न आहे.

आज ही वास्तू राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तेथे वस्तुसंग्रहालय आहे. ती टिकली पाहिजे, हे कोणीही म्हणेल. खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात लाकूड सांभाळणे खर्चाचे काम आहे. छपराचे एक कौल सरकले तरी एका पावसाळ्यात कोरीव तक्तपोशीची माती होते, हे प्रत्येक कोकणी घरमालक जाणतो. सरकारने ते करावे, आणि होत नसेल तर आपण विचारावे. पण नुसती डागडुजी पुरेशी नाही. घर जपावयाचे म्हणजे त्याचा अर्थही जपावयाचा. तेथे येणाऱ्याला कळले पाहिजे की, हे घर कोणी आणि कशासाठी बांधले. येथे येण्यापूर्वी राजाने चोवीस वर्षे कोठे काढली. खिडकीचे लाकूड कोणत्या भांडणातून आले. आणि या कुटुंबातील एक नात याच गावात, आपल्यासारखीच, जगून गेली. हे सांगणारे चार फलक लावण्यास फार पैसा लागत नाही. आपल्या शाळांतील मुलांना वर्षातून एकदा तेथे नेऊन हे सांगण्यास तर मुळीच लागत नाही.

मघाशी मी म्हटले की, या घराला ओटी नाही. बांधणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवली नाही. कैद्याच्या घरी गाव येऊन बसावे, अशी त्यांची इच्छा नव्हती. आता पहारेकरी गेले, फाटक उघडे झाले. एका परक्या राजाला आपल्या गावाने निवडले नव्हते, आणि त्यानेही आपल्याला निवडले नव्हते. पण तीस वर्षे तो आपला शेजारी होता आणि आपल्याच मातीत निजला आहे. शेजाऱ्याचा जो धर्म त्या काळच्या सरकारने आपल्याला पाळू दिला नाही, तो आता पाळावयास कोणाची आडकाठी नाही. तेथे जाऊन आपण केवळ सूर्यास्त पाहू नये, त्या घरात घटकाभर बसावे, एवढीच माझी विनंती आहे.